हॅनाच्या कॅसेट्स आणि गप्प मुलगे

मागच्या जूनमध्ये, शाळा सुटता सुटता, आमच्या जर्सी सिटीतल्या मराठी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न आला. "लेकीने फाइव्ह कॉर्नर्स लायब्ररीतून चार पुस्तकं आणली आहेत. चारही पुस्तकांत कुणीतरी डिप्रेशनमध्ये आहे. वाचू देऊ की परत करू?" मुलगी चौदा वर्षांची. दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस पडला. निम्म्या जणींचं म्हणणं, "काढून घे, नसतं ते डोक्यात शिरेल." उरलेल्यांचं, "राहू दे गं, लपवलंस तर मुद्दाम वाचेल." या मुलीला सोळा वर्षांचा भाऊ आहे. तो काय वाचतो हे कुणीच विचारलं नाही. तो वाचत नाही, खोलीत बसून गेम खेळतो, म्हणजे त्याचं बरं चाललंय असा सगळ्यांचा समज. माझाही तोच असता, पण पोटापाण्यासाठी मी आकडेमोड करते, आणि या विषयावरचे आकडे उघडून बसले तेव्हा त्या न विचारलेल्या प्रश्नापाशीच येऊन थांबले.

आधी आकडेच पाहू. सीडीसी ही अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था ठरावीक काळाने हायस्कूलच्या विद्यार्थ्यांची देशभर पाहणी करते. त्यात एक प्रश्न असा असतो: गेल्या वर्षभरात सलग दोन आठवडे किंवा जास्त काळ, जवळजवळ रोज, नेहमीचे उद्योग बंद पडावेत इतकं उदास किंवा हताश वाटलं का? २०२१ मध्ये ५७ टक्के मुलींनी 'हो' म्हटलं, मुलग्यांमध्ये हेच प्रमाण २९ टक्के होतं. २०२३ मध्ये ते अनुक्रमे ५३ आणि २८ झालं. समलैंगिक, ट्रान्स आणि त्या छत्राखाली येणाऱ्या मुलामुलींमध्ये २०२३ चा आकडा ६५ टक्के आहे. आत्महत्येचा विचार गंभीरपणे मनात आला असं सांगणाऱ्या मुली २७ टक्के, मुलगे १४ टक्के.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, प्रश्न मुलींचा आहे. पण आत्महत्येने प्रत्यक्ष झालेल्या मृत्यूंचा तक्ता उघडला की चित्र उलटं होतं. अमेरिकेत पुरुषांमधला हा दर स्त्रियांच्या सुमारे चौपट आहे, आणि किशोरवयातही मुलग्यांचाच दर जास्त आहे. सांगतात मुली, जातात मुलगे. या विसंगतीवर संशोधक कित्येक वर्षं डोकं खाजवताहेत. मुलगे निवडतात ती साधनं जास्त घातक असतात, ते मदत कमी मागतात, दारू आणि बेफामपणा यांआड दुःख लपवतात, ही त्यातली नेहमी दिली जाणारी कारणं.

हे सगळं शरीरातच ठरलेलं असतं, असं मात्र समजू नका. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१८ साली भारतातल्या आत्महत्यांचा मोठा अभ्यास आला. त्यानुसार २०१६ मध्ये जगात आत्महत्येने गेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतातल्या होत्या. तिथे दर लाखामागे पुरुष साधारण २१ आणि स्त्रिया १५, म्हणजे तफावत दीडपटीच्याही आत. मुंबई ते नेवार्क या सोळा तासांच्या प्रवासात माणसाची जनुकं बदलत नाहीत. बदलतं ते भोवतालचं जग: लग्न कधी आणि कुणाच्या मर्जीने, घरात कोणती घातक वस्तू हाताशी, दवाखाना किती जवळ, आणि आपलं दुखतंय हे कुणापाशी बोलायची मुभा.

शरीराचा वाटा नाहीच असंही नाही. लहानपणी नैराश्याचं प्रमाण मुलगा-मुलगी यांत जवळपास सारखं असतं. तेराच्या आसपास रेघा फुटतात आणि मुलींचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. संप्रेरकं बदलतात हे खरं, पण त्याच सुमारास मुलींच्या शरीराकडे जगाची नजरही वळते आणि मैत्रीतल्या कुरबुरी जिवाला लागू लागतात. सुझन नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणखी एक धागा दाखवला. तेच ते दुःख मनात पुन्हा पुन्हा घोळवत बसण्याची सवय स्त्रियांमध्ये जास्त आढळते आणि ती नैराश्य लांबवते. आपल्याकडे याला 'रवंथ' म्हणतात तो शब्द नेमका आहे, इंग्रजी संज्ञाही गाईगुरांच्या त्याच क्रियेवरून आली आहे. मुलग्यांमध्ये नैराश्य पुष्कळदा उदासीच्या वेशात येतच नाही. ते चिडचिड बनून येतं. म्हणून तर डॉक्टर किशोरवयीन मुलांना जी नऊ प्रश्नांची प्रश्नावली देतात, तिच्यात 'उदास, हताश' यांच्या रांगेत 'चिडचिडं' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे.

आता पुस्तकांकडे येऊ. या सगळ्या वादात ज्या पुस्तकाचं नाव हमखास निघतं ते म्हणजे जे ॲशर यांचं 'थर्टीन रीझन्स व्हाय'. २००७ साली ते आलं. हॅना बेकर ही शाळकरी मुलगी मरण्यापूर्वी सात कॅसेट्स भरून ठेवते. तेरा बाजू, तेरा कारणं, तेरा माणसं. त्या कॅसेट्स क्ले जेन्सन या मुलाच्या हाती पडतात आणि रात्रभर तो त्या ऐकत गावात फिरतो. दहा वर्षं पुस्तक आपल्या जागी होतं, खपतही होतं. मग ३१ मार्च २०१७ ला नेटफ्लिक्सने त्यावरची मालिका आणली. पुस्तकात मृत्यूचा प्रसंग आडून कळतो, मालिकेने तो जवळजवळ तीन मिनिटं पडद्यावर दाखवला. असं करू नका, असं आत्महत्या-प्रतिबंधावर काम करणारे लोक वर्षानुवर्षं सांगत आले होते.

पुढचं प्रकरण मला शास्त्र कसं चालतं याचा उत्तम धडा वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. २०१९ मध्ये जेफ्री ब्रिज आणि सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मालिका आल्यानंतरच्या एप्रिल महिन्यात १० ते १७ वयोगटातला आत्महत्येचा दर अपेक्षेपेक्षा २८.९ टक्के जास्त होता आणि डिसेंबरपर्यंत अपेक्षेहून १९५ मृत्यू जास्त झाले, असं त्यांचं गणित. त्यांनी मुलगे आणि मुली वेगळे केले तर वाढ स्पष्ट दिसली ती मुलग्यांमध्ये. नायिका मुलगी, त्यामुळे तिच्यात स्वतःला पाहणाऱ्या मुलींना धोका, असं सगळे धरून चालले होते. थोड्याच दिवसांत व्हिएन्नाचे थॉमस नीडरक्रोटेनथालर आणि त्यांच्या गटाचा अभ्यास आला. अमेरिकेतल्याच मृत्यूंच्या नोंदी, पण वयोगट १० ते १९ आणि कालावधी एप्रिल ते जून. त्यांना एकूण वाढ १३.३ टक्के दिसली. मुलींमध्ये २१.७, मुलग्यांमध्ये १२.४. म्हणजे पारडं उलटलं.

तिसरा अंक २०२० मध्ये. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या ॲनेनबर्ग केंद्राचे डॅनिएल रोमर यांनी ब्रिज यांचेच आकडे पुन्हा तपासले. त्यांचा आक्षेप असा: या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याच्या आकड्याला धरून असतो, आणि त्या काळात हा दर देशभर तसाही चढत होता. पुण्यात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कुणी यज्ञ केला आणि चौथ्या आठवड्यात पाऊस वाढला, तर श्रेय यज्ञाला देण्याआधी मोसमाचा हिशेब करावा लागतो, तसंच हे. तो हिशेब केल्यावर रोमर यांना दिसलं की मुलग्यांमधली एप्रिलची वाढ मार्चमधल्या वाढीहून मोठी नव्हतीच, आणि मार्चमध्ये मालिका आलेलीच नव्हती. महिन्याच्या एकूण आकड्यांवरून मालिकेला दोषी ठरवणं अवघड आहे, हा त्यांचा निष्कर्ष. वर्तमानपत्रांचे मोठे मथळे पहिल्या अभ्यासाला मिळाले, तिसऱ्याची बातमी फारशी कुणी वाचली नसावी. नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये तो प्रसंग कापला. माझ्या मते बरंच केलं. पुरावा डळमळीत असला तरी तो प्रसंग दाखवून मिळण्यासारखं काहीच नव्हतं.

रोमर यांच्याच सहकाऱ्यांनी मालिकेच्या दुसऱ्या पर्वाच्या वेळी १८ ते २९ वयाच्या ७२९ जणांची पाहणी केली होती. पर्व मध्येच सोडून देणाऱ्यांमध्ये धोक्याची लक्षणं जास्त दिसली. शेवटपर्यंत पाहणाऱ्यांमध्ये स्वतःला इजा करण्याचे विचार मालिका अजिबात न पाहणाऱ्यांपेक्षाही कमी झालेले दिसले. आधीच खचलेली माणसं अर्ध्यात उठून जात असतील, हीही एक शक्यता आहेच. तरी "काढून घे" म्हणणाऱ्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. पुस्तक मध्यावर हिसकावलं तर मुलीच्या हाती दुःखाचा भाग राहतो आणि त्यातून वाट काढण्याचा भाग आपल्याकडे जप्त होतो.

गोष्टीमुळे माणूस मरतो ही भीती नवी नाही. गटेच्या 'वेर्थर' या १७७४ च्या कादंबरीनंतर युरोपात ती इतकी पसरली की काही ठिकाणी पुस्तकावर बंदी आली. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने वर्तमानपत्रातल्या आत्महत्येच्या बातम्यांनंतर दर वाढतो हे दाखवलं आणि त्याला 'वेर्थर परिणाम' हे नाव दिलं. याची दुसरी बाजू कळायला २०१० साल उजाडलं. वर उल्लेख केलेल्या नीडरक्रोटेनथालर यांनी ऑस्ट्रियातल्या वर्तमानपत्रांचा मजकूर चाळला. मनात मरणाचे विचार येऊनही त्या काळातून पार झालेल्या माणसांविषयी छापून आलं, की त्यानंतर दर कमी झालेला आढळला. मोत्सार्टच्या ऑपेरातला पापागेनो असाच जिवावर उदार होतो आणि तीन मुलं त्याला दुसरा मार्ग आठवून देतात, म्हणून हा 'पापागेनो परिणाम'. तेव्हा पुस्तकात नैराश्य आहे की नाही, एवढ्यावर काही ठरत नाही. ते कसं सांगितलंय, पात्राला वाट सापडते का, मदत करणारी माणसं पुस्तकात खरोखर उपयोगी पडतात का, हे पाहायला हवं. हॅना ज्या समुपदेशकाकडे जाते तो कुचकामी निघतो, ही त्या कादंबरीतली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट आहे.

आणखी एक खटकतं. हॅनाचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो क्लेच्या हेडफोनमधून. जॉन ग्रीन यांच्या 'लुकिंग फॉर अलास्का' (२००५) मध्येही दुःखी मुलगी ही मुलाने सोडवायचं कोडं आहे. मुलीच्या मनाची कहाणी, पण निवेदक तिच्यावर भाळलेला मुलगा. याला छेद देणारी पुस्तकं आहेत. लॉरी हॅल्स अँडरसन यांच्या 'स्पीक' (१९९९) मध्ये अत्याचारानंतर वाचा बसलेली मेलिंडा स्वतःच बोलते, आणि ग्रीन यांच्याच 'टर्टल्स ऑल द वे डाउन' (२०१७) मध्ये मंत्रचळाने ग्रासलेली एझा स्वतःच्या डोक्यातून आपल्याला फिरवून आणते.

आपण ज्या पुस्तकांवर वाढलो त्यांत तरी काय वेगळं होतं? मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) माझी लाडकी. पण शिरोडकरच्या मनात काय चाललंय ते नववीतल्या मुकुंदला जेवढं समजतं तेवढंच आपल्याला. 'कोसला' (१९६३) तर आमच्या पिढीच्या कित्येक मुलग्यांनी उशाशी ठेवली. सांगवीहून पुण्याला आलेला पांडुरंग सांगवीकर, हळूहळू कशातच अर्थ न वाटणं, धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूनंतरचा आकांत, शेवटी हरून गावी परतणं. आज कुणी सोळा वर्षांचा मुलगा असं बोलू लागला तर शाळेतून फोन येईल. आपण त्याला अस्तित्ववाद म्हटलं. ते चूक नाही, कादंबरी मोठी आहेच. पण मुलग्याच्या खचण्याला तत्त्वज्ञान म्हणायची सोय आपल्या समीक्षेने करून ठेवली, आणि मुलींना ती सोय कधी मिळाली नाही. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या तरुणींची घुसमट मराठीत पहिल्यांदा त्यांच्या बाजूने छापली गेली. लेखिकेला विभावरी शिरूरकर या टोपणनावाआड राहावं लागलं, आणि मालतीबाई बेडेकरांच्या त्या पुस्तकावर गहजब झाला तो नीतिमत्तेच्या नावाने. त्या मुली दुःखी का आहेत, यापेक्षा त्या असं बोलतात कशा, याचीच चर्चा जास्त.

मुलग्यांसाठी एक पुस्तक मी हल्ली भेटेल त्याच्या हातात देते: अदीब खोर्रम यांचं 'डॅरियस द ग्रेट इज नॉट ओके' (२०१८). नव्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकाला मिळणारा मॉरिस पुरस्कार त्याला २०१९ मध्ये मिळाला. डॅरियसची आई इराणी, बाबा अमेरिकन गोरे. आजोबा आजारी म्हणून सगळे पोर्टलंडहून इराणमधल्या यझ्दला जातात. डॅरियसला नैराश्य आहे, त्याच्या बाबांनाही आहे, दोघं रोज गोळ्या घेतात. पुस्तकात ही गोष्ट रहस्य म्हणून येत नाही, मधुमेहाच्या गोळीसारखी येते. यझ्दमध्ये आजोबांना नातवाची ती डबी समजत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला किंवा सांगलीला गेलेल्या आपल्या मुलांना हा प्रसंग कुणी समजावून सांगायला लागणार नाही. "कसल्या गं या गोळ्या? एवढ्याशा पोराला कसलं टेन्शन?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्या पुस्तकात मुलग्याला बरं वाटतं ते कुठल्या मुलीच्या प्रेमाने नाही. सोहराब नावाच्या एका मित्रामुळे आणि बाबांशी उशिरा का होईना झालेल्या बोलण्यामुळे वाटतं. मुलगी भेटली आणि डिप्रेशन पळालं, अशा कादंबऱ्यांचा मला कंटाळा आलेला आहे.

बोलण्याने खरंच काही होतं का? कॅलिफोर्नियात मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले. चेहऱ्यावरच्या भावनेला नाव द्यायला सांगितलं तेव्हा मेंदूतल्या अमिग्डला या भीतीशी जोडलेल्या भागाची धडपड कमी झाली. प्रयोग मोठ्या माणसांवरचा आणि प्रयोगशाळेतला आहे, त्यावरून फार उड्या मारू नयेत. पण भावनेला शब्द मिळणं ही मेंदूच्या पातळीवर काहीतरी घडवणारी क्रिया आहे, इतकं त्यातून कळतं. आणि शब्दांच्या बाबतीत आपली घरं गरीब आहेत. मराठीतून आई-बाबांशी बोलणाऱ्या इथल्या मुलाकडे 'भूक लागली', 'झोप आली', 'बोअर होतंय', 'काही नाही' एवढा साठा असतो. त्याच्या शाळेतली इंग्रजी आपल्याला घरात परकी वाटते आणि आपली 'उद्विग्न', 'विषण्ण' ही मराठी त्याला पुस्तकी. मग तो चिडका, आळशी, एकलकोंडा, शिष्ट ठरतो. या चारही विशेषणांकडे मी आता वर सांगितलेल्या प्रश्नावलीच्या नजरेने पाहते. मुलींना निदान कादंबऱ्या शब्द पुरवतात. गेम खेळणाऱ्या भावाला ते कोण पुरवतं?

विचारलं तर मुलाच्या डोक्यात ते येईल, ही भीती मात्र मनातून काढून टाका. मॅडलिन गोल्ड आणि सहकाऱ्यांनी ती तपासली आहे, तीही आपल्या शेजारच्या न्यू यॉर्क राज्यात. सहा हायस्कूलमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांपैकी काहींना प्रश्नावलीत आत्महत्येबद्दल थेट विचारलं, काहींना नाही. कुणाला विचारायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. ज्यांना विचारलं त्यांची अस्वस्थता वाढली नाही. ज्यांची परिस्थिती आधीच नाजूक होती त्यांना विचारल्यावर उलट थोडं हलकंच वाटल्याचं दिसलं. हा अभ्यास २००५ चा आहे.

न्यू जर्सीत राहणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. इथल्या शाळांच्या आरोग्यशिक्षणात मानसिक आरोग्याचा समावेश करणारा कायदा २०१९ मध्ये झाला, त्यामुळे मुलांनी हे शब्द वर्गात ऐकलेले असतात. सुरुवात करायला घाबरायचं कारण नाही. डिसेंबर २०२४ मध्ये राज्याने 'फ्रीडम टू रीड' कायदा केला. एखाद्याला आशय आवडला नाही म्हणून शाळेच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक काढून टाकणं त्याने अवघड केलं, त्यामुळे ही पुस्तकं जर्सी अव्हेन्यूच्या मुख्य ग्रंथालयात किंवा तुमच्या शाखेत मागायला संकोच नको. १२ ते १८ वयाच्या सगळ्या मुलांची नैराश्यासाठी चाचणी करावी अशी राष्ट्रीय तज्ज्ञ गटाची शिफारस आहे. वार्षिक तपासणीला मुलगा असो वा मुलगी, ती प्रश्नावली दिली का हे डॉक्टरांना विचारा, आणि भरताना आपण खोलीबाहेर थांबा. आई शेजारी बसलेली असताना कुठलाही मुलगा खरं लिहीत नाही. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला किंवा मुलीला समुपदेशकाकडे जायला इथे पालकांची परवानगी लागत नाही. औषधं सुरू करायची असतील तर लागते. हे मुलांना आपणच सांगितलेलं बरं.

आणि ९८८. जुलै २०२२ पासून देशभर हा तीन आकडी नंबर मानसिक संकटासाठी आहे, दिवसरात्र, फोन करा किंवा मेसेज. फोनवर दुभाष्याची सोय आहे, त्यामुळे इथे मुक्कामाला आलेल्या आजी-आजोबांनाही तो वापरता येतो. मुलांच्या फोनमध्ये नंबर साठवताना स्वतःच्याही फोनमध्ये साठवा. नवऱ्याच्याही.